रॅम्प झाला, नळ नाही

जून उजाडला की अमेरिकेतल्या चर्चच्या युवक मंडळांच्या गाड्या ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या वाटेला लागतात. पंधरा-सतरा वर्षांची मुलं, सोबत दोन-चार मोठी माणसं, मागच्या ट्रेलरमध्ये शिड्या आणि रंगाचे डबे. खर्चासाठी मुलांनी लोकांच्या गाड्या धुतलेल्या, केक विकलेले. मुक्काम मिशनच्या हॉलमध्ये, जमिनीवर. आठवडाभरात कुणाचं घर रंगवायचं, कुणाचं सरपण फोडून रचायचं, दुपारी लहानग्यांचा बायबलचा वर्ग घ्यायचा, आणि शनिवारी परत.

या गाड्या जातात ते नावाहो नेशन हा नावाहो आदिवासींचा तीन राज्यांत पसरलेला सुमारे 70,000 चौरस किलोमीटरचा मुलूख आहे. मराठवाड्याहून मोठा, विदर्भाहून लहान. विंडो रॉक ही राजधानी, स्वतःचा अध्यक्ष, स्वतःची कौन्सिल, गावपातळीवर ‘चॅप्टर’ नावाच्या 110 स्थानिक सभा. म्हणजे ही मुलं कुणा निराधार वस्तीत नव्हे, एका राष्ट्रात पाहुणी म्हणून येतात. चर्चच्या माहितीपत्रकांत हे सहसा ठळकपणे येत नाही.

चर्च तर इथे जुनंच. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने हजारो नावाहोंना शेकडो किलोमीटर चालवत बॉस्क रेदोंदोच्या छावणीत कोंडलं. 1868 च्या तहानंतर ते मायभूमीत परतले. त्या तहाच्या सहाव्या कलमाने 6 ते 16 वर्षांच्या मुलांना शाळेची सक्ती केली. पुढे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जमाती चर्चपंथांना अक्षरशः वाटून दिल्या. नावाहो प्रेस्बिटेरियनांच्या वाट्याला आले. 1898 मध्ये सेंट मायकल्सला फ्रान्सिस्कन आले, 1901 मध्ये गानाडोला प्रेस्बिटेरियन मिशन उभं राहिलं. गानाडोच्या रुग्णालयाने 1930 पासून आदिवासी मुलींना परिचारिका म्हणून घडवलं, हे ऋण मोठंच. पण त्या काळातल्या वसतिशाळांत मुलांचे केस कापले गेले, घरची भाषा बोलल्याबद्दल मार बसला. ज्या आजीचं घर रंगवायला घेतलंय ती अशा शाळेत वाढलेली असू शकते. बायबलचा वर्ग घेणाऱ्या मुलीला हे आधी कुणी सांगितलेलं असेल, तर तिचं नशीब.

कामांत मला सगळ्यात पटतो तो रॅम्प. इथली बरीच घरं ट्रेलरची, दार जमिनीपासून दोन फूट वर. अमेरिकी नियमाने इंचभर चढाला फूटभर लांबी लागते, म्हणजे दोन फुटांसाठी चोवीस फूट लाकूडकाम. हे आठवड्यात होतं, आणि व्हीलचेअरवरचा माणूस त्याच दिवशी एकटा अंगणात उतरतो.

नळाचं तसं नाही. जवळपास तीस टक्के घरांत वाहतं पाणी नाही. पिकअपमध्ये पिंपं टाकून मैलोनमैल जायचं, आणि तेवढ्यावर अंघोळ, स्वयंपाक, मेंढरं भागवायची. न्यू मेक्सिकोतल्या थोरो गावच्या सेंट बोनाव्हेंचर मिशनचा पिवळा टँकर घरोघर फिरतो, हे वाचून मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळं काही सांगायला नको. जवळची विहीर वापरावी, तर युरेनियमची भीती. 1944 ते 1986 या काळात इथून सुमारे तीन कोटी टन खनिज काढलं गेलं आणि पाचशेहून जास्त खाणी तशाच सोडून दिल्या. इथल्याच ब्लॅक मेसाच्या कोळशावर पेज गावाजवळचं वीजकेंद्र 2019 पर्यंत चाललं; त्या विजेवर कोलोरॅडो नदीचं पाणी फीनिक्स आणि टूसॉनला चढवलं गेलं. कोळसा इथला, नळ तिकडे! आणि जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की 1868 च्या तहामुळे पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलण्याची जबाबदारी केंद्र सरकारवर येत नाही. त्यात जमिनीची कागदोपत्री मालकी विश्वस्त म्हणून केंद्राकडे. घरापर्यंत पाइप न्यायचा तर मंजुऱ्या, पुरातत्त्वाची पाहणी, पर्यावरणाची पाहणी. रंगाचा ब्रश इथे काय करणार?

मग सहलींचा उपयोग काय? समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी होंडुरासमध्ये 1998 च्या मिच वादळानंतरच्या घरबांधणीचा हिशेब मांडला होता. अशाच बाहेरून आलेल्या गटांचं एक घर प्रवासखर्चासह सुमारे 30,000 डॉलरला पडत होतं, स्थानिक संस्था ते 2,000 डॉलरला बांधत होती. परतलेल्यांच्या दानातही पुढे फारशी वाढ दिसली नाही. मला विचाराल तर हा खर्च मुलांच्या शिक्षणाच्या खात्यात टाकावा, दानधर्माच्या नको. शिक्षण म्हणून तो वाईट नाही. नावाहो माणूस ओळख करून देताना आधी आईचं कूळ सांगतो, मग वडिलांचं. नातं लागतं का ते पाहतो आणि मग बोलायला बसतो. उपनगरातल्या मुलाला हे पुस्तकातून कळणार नाही.

बाहेरचे हात खरोखर कामी आले ते 2019 मध्ये. ‘लाइट अप नावाहो’ उपक्रमात इतर राज्यांच्या वीज कंपन्यांनी आपले वायरमन काही आठवड्यांसाठी पाठवले. पहिल्या फेरीत वीज नसलेल्या 233 घरांत दिवे लागले. आधी कुणाचं घर आणि लाइन कुठून न्यायची, हे ठरवायला नावाहोंचंच वीज प्राधिकरण होतं. पाहुण्यांकडे खांबावर चढण्याचं काम होतं, आणि ते त्यांना येत होतं.