टाकून दिलेल्या लोकरीचा नमदा

भातकापणी उरकली की घाटावरची मेंढरे खाली कोकणात उतरतात. शेतकरी बंधूंनो, तुमच्यापैकी अनेकांच्या खाचरात ती रात्रभर बसली असतील. लेंडीखतासाठी मेंढरे बसवायची आणि मेंढपाळाला धान्य किंवा रोख द्यायची हा व्यवहार आपल्याला बापजाद्यांपासून पाठ आहे. पण त्याच मेंढरांच्या अंगावरच्या लोकरीचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. तिची सारी लोकर वर्षाकाठी साधारण अर्धा ते पाऊण किलो भरते. अलीकडे बऱ्याच ठिकाणी या लोकरीचा भाव कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाही. मग मेंढपाळ ती बांधावरच टाकतो आणि पुढच्या मुक्कामाला निघतो. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या, त्यावरून किती माल वाया जात असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आता गाडीत बसून मुंबईच्या उपनगरात चला. अंधेरी, बोरिवलीकडे सुट्टीच्या दिवशी हस्तकलेचे वर्ग भरतात. त्यांतल्या काहींत लोकर दाबून वस्तू करायला शिकवतात. फी भरून लोक येतात, दोन-तीन तास बसतात आणि एखादे फूल नाहीतर चिमणी करून घरी नेतात. तिथली लोकर बहुतेक परदेशी मेरिनो, रंगवलेली आणि ग्रॅमवर विकली जाणारी. ज्या कामाचा कच्चा माल आपल्या खाचरात पडून असतो, ते काम शहरातला माणूस पैसे मोजून शिकतो! यात त्यांना हसण्यासारखे काही नाही, आपणच शिकून घ्यावे असे आहे.

हे काम म्हणजे नमदा, इंग्रजीत फेल्ट. यात सूत कातणे नाही आणि माग नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. कोमट पाणी आणि साबण लागला की ते खवले उघडतात, वरून घासले-दाबले की तंतू एकमेकांत सरकून अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटून घट्ट होतो, तोच प्रकार. कापसाला असे खवले नसतात, म्हणून कापसाचा नमदा होत नाही. दुसरी पद्धत कोरडी आहे. तिच्यात खाचा असलेली लांब सुई लोकरीच्या गोळ्यात पुन्हा पुन्हा खुपसतात आणि हवा तो आकार आणतात. सुई फार तीक्ष्ण असते, त्यामुळे खाली जाड स्पंज ठेवून आणि नजर हातावर ठेवूनच काम करावे. लहान मुलांच्या हाती ती देऊ नये.

ही विद्या आपल्याला परकी मुळीच नाही. आपल्याकडे घोंगडी विणतात तशी जेन आणि बुरणूस दाबून करतात. पिंजारी कारागीर धनुकलीने लोकर पिंजून चटईवर पसरीत, पाणी शिंपडीत आणि गुंडाळी करून हातापायांनी दाबीत. असे जेन अंथरायला आणि घोड्याच्या खोगिराखाली घालायला वापरत. काश्मीरचा आणि राजस्थानातील टोंकचा नमदा देशभर विकला जातो. आपल्या जेनला ते भाग्य लाभले नाही, आणि त्याला केवळ लोकर कारण आहे असे मला वाटत नाही.

अर्थात लोकरीतला फरक समजून घ्यायलाच हवा. मेरिनोचा तंतू साधारण १७ ते २४ मायक्रॉन जाडीचा असतो (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). दख्खनी लोकर बहुधा ३० मायक्रॉनच्या पुढे, त्यात राठ केसही मिसळलेले. ती अंगाला टोचते आणि सावकाश जमते. तिची शाल किंवा बाहुली करायला जाऊ नका. खुर्चीवरचे आसन, पायपुसणे, गरम भांड्याखालची चकती, कुंडीचे वेष्टण यांना मात्र ती चांगली, शिवाय टिकाऊ. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, ते मऊ असते. ते वेगळे ठेवा आणि वरच्या थराला वापरा. सुईच्या कामातही आतला गाभा दख्खनी लोकरीचा ठेवून वर रंगीत लोकर चढवता येते.

एक आसन करून पाहा. काड्या आणि गोखरू वेचून काढा. लोकर कोमट पाण्यात भिजवा, पण धुताना चोळू नका, नाहीतर तिथेच गोळे होतील. सावलीत वाळवून पिंजा. चटईवर किंवा बारदानावर दीड फूट चौरसात पातळ थर पसरा. एका थराचे तंतू उभे, तर पुढच्याचे आडवे. असे चार-पाच थर घाला. दीडशे ग्रॅमच्या आसपास लोकर लागेल. वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाकून साबणाचे गरम पाणी शिंपडा आणि आधी हलक्या हाताने घासा. घाई केली की थर सरकतात आणि भोके पडतात, सगळ्यांचे पहिले आसन इथेच बिघडते. तंतू धरू लागले की चटईसकट गुंडाळी करून लाटत राहा, आणि दर थोड्या वेळाने दिशा बदला. वरचे तंतू चिमटीत धरून उचला. ते सुटे वर आले तर अजून लाटायला हवे. दीड फुटाचे आटून फूटभर उरेल. शेवटी साबण पूर्ण धुऊन काढा.

एक गोष्ट बजावून सांगतो. मेलेल्या जनावराची लोकर घेऊ नका. काळपुळीचे जंतू लोकरीतून माणसाला होतात आणि तो आजार जिवावर बेततो. पिंजताना नाकावर फडके बांधावे. चामड्याच्या कारखान्यातून चुना लावून काढलेली लोकरही नमद्याला कमजोर पडते.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि बचत गटाच्या ताईंनी यात मनावर घ्यावे. मागाचा खर्च नाही, त्यामुळे समाजमंदिरातही एक दिवसाचा वर्ग भरवता येतो. शेळ्या-मेंढ्यांसाठी पुण्यात मुख्यालय असलेले पुण्यश्लोक अहिल्यादेवी महामंडळ आहे, त्यांच्याकडे चौकशी करावी. लोकरीची प्रत तपासायला दूर जायला नको. मुलुंड ओलांडले की ठाण्यात वूल रिसर्च असोसिएशन ही संस्था आहे. विक्रीसाठी वांद्रे-कुर्ला संकुलात भरणारे महालक्ष्मी सरस प्रदर्शन बचत गटांना ठाऊक आहेच. तिथे माल न्यायचा तर तो धुतलेला, वासरहित आणि काठ सरळ असलेला हवा. काळा, तपकिरी हा नैसर्गिक रंग रंगवून झाकू नका, शहरातल्या गिऱ्हाइकाला तोच आवडतो.

यंदा मेंढरे खाचरात बसतील तेव्हा मेंढपाळमामांना कातरणीचा दिवस विचारून ठेवा. लोकरीचे थोडे पैसे ठरवून द्या, फुकट मागू नका. कातरण्याआधी मेंढ्या ओढ्यात धुतल्या असतील तर तुमची निम्मी मेहनत वाचते. उरलेला कचरा शेणखताच्या खड्ड्यात टाका. लोकरीत नत्र असते, ते हळूहळू सुटते.