विश्लेषण : बोटीची ट्रोलिंग मोटर मधेच का रखडते? दोष बॅटरीत, वायरीत की मोटरीत?

संध्याकाळी वारा उलटा फिरतो, किनारा अर्धा किलोमीटर दूर असतो आणि नेमकी त्याच वेळी बोटीची मोटर रखडू लागते. तळ्यात गळ टाकायला जाणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. ‘मोटर जळाली’ असे समजून अनेक जण थेट दुरुस्तीचे दुकान गाठतात. पण बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते. पुरेशी वीजच तिच्यापर्यंत पोहोचत नसते. दोष नेमका कुठे आहे, हे साध्या मल्टिमीटरने कसे ओळखायचे?

ट्रोलिंग मोटर म्हणजे काय?

छोटी बोट हळू आणि आवाज न करता चालवणारी ही बॅटरीवरची मोटर. 1934 मध्ये अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्यातल्या फार्गो शहरात ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीची स्टार्टर मोटर वापरून अशी मोटर बनवली. त्यातूनच ‘मिन कोटा’ ही कंपनी उभी राहिली. तिथल्या तळ्यांवर या मोटरी सर्रास दिसतात. आता भारतातही त्या ऑनलाइन मागवता येतात. मोटरीची ताकद पौंडांतील रेट्याने सांगतात. 55 पौंड रेट्याची 12 व्होल्टची मोटर पूर्ण वेगात सुमारे 50 ॲम्पिअर करंट खेचते. घरातल्या साध्या प्लगची क्षमता 6 ॲम्पिअर असते, हे लक्षात घेतले तर हा आकडा किती मोठा आहे ते कळेल.

बॅटरी पूर्ण चार्ज असूनही मोटर का रखडते?

गच्चीवरची टाकी भरलेली आहे, पण पाइपात क्षार साचले आहेत. नळ बंद असताना दाब ठीक असतो. नळ उघडला की धार बारीक येते. इथे तसेच होते. गंजलेला टर्मिनल, सैल नट किंवा बारीक वायर विजेची वाट अडवते. एखाद्या जोडात केवळ 0.02 ओहमचा रोध असला, तरी 50 ॲम्पिअरला तिथे 1 व्होल्ट गळतो आणि 50 वॅट उष्णता तयार होते. म्हणजे त्या जोडात एक सोल्डरिंग आयर्न सतत तापत राहिल्यासारखे.

वायरीचेही तेच. बॅटरी मागे आणि मोटर पुढे असेल, तर जाऊन-येऊन 10 मीटर वायर सहज होते. 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली तर 50 ॲम्पिअरला दोन व्होल्टहून अधिक गळती होते. 16 चौरस मिलिमीटरच्या वायरीत ती साधारण अर्ध्या व्होल्टवर येते.

मोजणी कशी करायची?

बोट धक्क्याला घट्ट बांधा, पंखा पाण्यात ठेवा आणि आसपास कोणी पाण्यात नाही याची खात्री करा. मग तीन ठिकाणी व्होल्टेज मोजा.

पहिली मोजणी : मोटर बंद, बॅटरीवर. काही तास न वापरलेली लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर सुमारे 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी रिकामी.

दुसरी मोजणी : मोटर पूर्ण वेगात, पुन्हा बॅटरीवरच.

तिसरी मोजणी : मोटर पूर्ण वेगातच, पण मोटरीच्या टोकाकडच्या जोडणीवर.

केवळ पहिली मोजणी करून थांबणे ही नेहमीची चूक. मल्टिमीटर नगण्य करंट घेतो, त्यामुळे खराब जोडातूनही तो 12.6 दाखवतो. खरी परीक्षा लोडवरच होते.

आकड्यांचा अर्थ काय लावायचा?

लोड येताच बॅटरीवरचेच व्होल्टेज 10.5 च्या खाली घसरले, तर बॅटरी थकली आहे किंवा रिकामी आहे. बॅटरीवर 12 आणि मोटरीपाशी 10.5, असा फरक दिसला तर दोष वाटेत आहे. मग मल्टिमीटरची दोन टोके एकाच जोडाच्या दोन बाजूंना लावून एकेक जोड तपासा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला की चोर सापडला.

मोटरीपाशी व्होल्टेज पुरेसे आहे आणि तरी पंखा फिरत नाही, तरच संशय मोटरीवर घ्यावा. पाच वेगांच्या मोटरीत फक्त सर्वांत वरचा वेग चालत असेल, तर बहुधा वेग कमी करणारी कॉइल गेलेली असते. 24 व्होल्टच्या मोटरीला दोन बॅटऱ्या लागतात. त्या वेगवेगळ्या मोजा. एक कमजोर असली तरी जोडी रखडते.

ब्रेकर वारंवार का पडतो?

आधी पंखा काढून पाहा. त्याच्या मागे गळाची दोरी किंवा पाणवनस्पती गुंडाळली गेली की मोटर जास्त करंट खेचते. दोरी सील कापून आत पाणीही शिरू देते. पंखा मोकळा असेल तर ब्रेकरची क्षमता आणि त्याचे जोड तपासा. ब्रेकर पडतो म्हणून तो काढून वायर थेट जोडणे म्हणजे बोटीत आगीला निमंत्रण.

बॅटरी कोणती हवी?

गाडीची बॅटरी क्षणभर मोठा करंट देण्यासाठी असते; रोज खोलवर रिकामी केली की ती लवकर निकामी होते. इथे डीप-सायकल बॅटरी लागते. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी त्याच जातीची, पण जड, आणि हेलकाव्यात तिचे ॲसिड सांडू शकते. लिथियम बॅटरी हलकी असते, मात्र तिचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकते आणि मग आतले संरक्षक सर्किट वीज एकदम तोडते. तिथे व्होल्टेजवरून अंदाज बांधू नये. उरलेले ॲम्पिअर-अवर दाखवणारा मीटर लावावा.

काय सांभाळायचे?

हातातील कडे, अंगठी काढून ठेवा. आधी निगेटिव्ह वायर सोडवा, जोडताना ती शेवटी जोडा. चार्जिंगवेळी लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे ठिणगी टाळा. टर्मिनल घासून, नट आवळून वर पेट्रोलियम जेली लावा. खाडीच्या खाऱ्या पाण्यातून आल्यावर मोटर गोड्या पाण्याने धुवा.

आणि हिशेब आधीच करा. 100 ॲम्पिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतील निम्मीच ऊर्जा वापरायची, तर पूर्ण वेगात ती तासभरही पुरत नाही; वेग उतरवून 10 ॲम्पिअरवर आणला तर चार-पाच तास मिळतात. म्हणून एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेला तिसरा हिस्सा उलट्या वाऱ्यासाठी राखून ठेवावा. इतके करूनही वल्ही आणि लाइफ जॅकेट घेतल्याशिवाय किनारा सोडू नये.