गाडीची टाकी आणि पेढीची कीर्द

आमच्या सभासद बंधूंपैकी पुष्कळांच्या पेढीपुढे आज निदान एक तरी मालाची गाडी उभी असते. हमाली, तोलाई, दलाली यांचा पैपैचा हिशेब त्यांच्या कीर्दीत सापडतो. परंतु डिझेलाच्या सदरात पाहावे, तर 'गाडीस डिझेल' एवढे दोनच शब्द आणि पुढे रुपयांचा आकडा. किती लिटर, किती किलोमीटरला, कोणत्या मार्गावर, याचा पत्ता नसतो. वर्षअखेर त्या सदराची बेरीज पाहून धनी चकित होतो आणि त्याची नजर प्रथम ड्रायव्हरकडे वळते. त्या नजरेत न्याय किती आणि गणिताची चूक किती, हे येथे पाहावयाचे आहे.

गाडी 'ॲव्हरेज' किती देते हे ठरविण्याची खात्रीची रीत एकच आहे. टाकी पूर्ण भरावी व त्या वेळचे किलोमीटरचे रीडिंग लिहून ठेवावे. नेहमीप्रमाणे गाडी चालवावी. पुन्हा टाकी पूर्ण भरावी, नवे रीडिंग घ्यावे आणि ह्या दुसऱ्या वेळी जितके लिटर गेले तितक्यांनी मधल्या किलोमीटरांस भागावे. समजा, पहिले रीडिंग ४८,२१० होते, दुसरे ४८,७६२ आले आणि टाकीत ४६ लिटर डिझेल मावले. ५५२ भागिले ४६, म्हणजे लिटरला १२ किलोमीटर. मध्ये वाटेत दहा-वीस लिटर घातले असतील, तर तेही दुसऱ्या भरण्यात मिळवावे. पहिल्या भरण्याचे लिटर मात्र कधीही धरू नयेत; ते आरंभीची शिल्लक होत, खर्च नव्हे. व्यापाऱ्यास हे अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही.

'हजार रुपयांचे घाला' असे सांगून भरलेल्या डिझेलावरून मात्र काहीच निष्पन्न होत नाही. जून २०१७ पासून पंपावरील दर रोजच्या रोज ठरू लागले. त्यातून राज्याराज्यांचे कर निराळे. बेळगावकडील आमच्या बंधूंची गाडी एका दिवसात कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा अशा तिन्ही ठिकाणी फिरते आणि हजार रुपयांत प्रत्येक ठिकाणी निरनिराळे लिटर येतात. म्हणून कीर्दीत रुपयांच्या आधी लिटर लिहावेत. टाकी भरताना गाडी सपाट जागी असावी. पंपाची नळी आपोआप बंद होते तेथेच दोन्ही वेळा थांबावे. डिझेलास फेस येतो. तो बसू देऊन 'अजून थोडे' असे एकदा केले आणि पुढच्या खेपेस केले नाही, तर तेवढ्यानेच आकडा बिघडतो. पहाटेच्या गारव्यात भरल्यास डिझेल अधिक मिळते, असे मानणारे काही सज्जन आहेत. दहा अंशांच्या फरकाने डिझेल शेकडा एकाहूनही कमी फुगते आणि पंपाच्या जमिनीखालील टाकीत रात्र-दिवसाचा फरक जवळजवळ पोचतच नाही. तेव्हा त्यासाठी झोप मोडू नये. मापाविषयी शंका असेल, तर प्रत्येक पंपावर शिक्का मारलेले पाच लिटरचे माप असते व ते भरून दाखविण्याची मागणी ग्राहकास करता येते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो.

आता घाटाचा विचार करू, कारण आमच्या मते खरा घोटाळा येथेच होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आणि पणजी समुद्राकाठी. भाजी भरून चोर्ला घाटाने उतरणारी गाडी आणि तिकडून माल घेऊन चढणारी गाडी एकच असली, तरी तिची भूक एक नसते. सोयीसाठी एका बाजूचे अंतर १२० किलोमीटर धरू. उतरताना लिटरला १५ आणि चढताना १० किलोमीटर पडले, तर धनी म्हणतो, 'पंधरा आणि दहा पंचवीस, निम्मे साडेबारा.' हे चूक आहे. जाताना ८ लिटर लागले, येताना १२. एकूण २० लिटरमध्ये २४० किलोमीटर झाले. खरा आकडा १२, साडेबारा नव्हे. अर्ध्या किलोमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण वर्षाला ६०,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीस साडेबाराच्या हिशेबाने ४,८०० लिटर लागावयास हवेत आणि प्रत्यक्षात लागतात ५,०००. कोणी एक थेंबही चोरला नसताना कागदावर दोनशे लिटरांची तूट दिसते. तिच्यापायी किती प्रामाणिक ड्रायव्हरांचा पगार कापला गेला असेल आणि किती जुनी माणसे पेढी सोडून गेली असतील! चोरी होतच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण आळ घेण्यापूर्वी भागाकार तपासावा. टायरमध्ये हवा कमी असणे, गाडी उभी असताना इंजिन चालू राहणे, क्षमतेहून अधिक माल भरणे यांचीही चौकशी त्याआधीच व्हावी.

मुले पूर्वीच्या मोटारीच्या वहीशी ताडून पाहतात आणि ॲव्हरेज घटले म्हणून तक्रार करतात. घरच्या पेट्रोलच्या मोटारीत एक नवे कारण आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल देशाने गाठली. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलाहून सुमारे एक-तृतीयांश कमी. तेव्हा थोडी घट अटळच आहे. वडील मंडळींच्या वहीत तर मैल आणि गॅलन असत. १९५६ च्या कायद्यानंतर ती मापे हळूहळू गेली, 'मायलेज' हे नाव मात्र राहिले. गॅलनला ३० मैल म्हणजे आजच्या भाषेत लिटरला साधारण साडेदहा किलोमीटर.

एका टाकीत गाडी किती जाईल, हा हिशेब मात्र सरासरीने करू नये. ५५ लिटरची टाकी आणि १२ चे ॲव्हरेज यांचा गुणाकार ६६० येतो, पण त्यावर विसंबून भरल्या गाडीने घाट चढू नये. आठ लिटर राखीव सोडून द्यावेत आणि उरलेल्या ४७ लिटरांस त्या मार्गावरील सर्वांत वाईट आकड्याने, म्हणजे १० ने, गुणावे. ४७० किलोमीटर ही त्या गाडीची विश्वासाची मजल. डिझेलची टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते. नुसते डिझेल ओतून गाडी पुष्कळदा सुरू होत नाही, आधी हवा काढावी लागते. रात्रीच्या वेळी घाटात नाशवंत माल घेऊन उभ्या असलेल्या ड्रायव्हरवर हा प्रसंग येऊ देणे हा धन्याचाच दोष होय.

स्वस्त डिझेलासाठी वाट वाकडी करण्याची सवय सीमेवरील आमच्या मंडळींस आहे, म्हणून तोही हिशेब मांडतो. पंप १२ किलोमीटर आडवाटेस असेल, तर जाऊन-येऊन २४ किलोमीटर, म्हणजे दोन लिटर खर्ची पडले. चाळीस लिटर भरताना लिटरमागे ४ रुपये वाचले, तर एकूण १६० रुपये वाचतात. लिटरचा दर ८० रुपयांहून अधिक असेल, तर ही सारी बचत त्या दोन लिटरांतच जिरते आणि ड्रायव्हरचा पाऊण तास वर जातो. पंप नेहमीच्या वाटेवरच असेल, तर गोष्ट निराळी. मग तेथेच टाकी पूर्ण भरावी, पावती घ्यावी आणि पावतीच्या पाठीवर रीडिंग ड्रायव्हरच्या हातानेच लिहवून घ्यावे.