बोळवणीचा मुहूर्त : वऱ्हाडातील महालक्ष्म्यांची मांडणी आणि आवराआवर

भाद्रपदाच्या शुक्ल पक्षात अनुराधा नक्षत्रावर येणाऱ्या, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजल्या जाणाऱ्या आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेणाऱ्या ज्येष्ठागौरींना वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणतात, आणि बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या चिखली-मेहकरापासून घाटाखालच्या खामगाव-मलकापुरापर्यंत अनेक घरांतील वर्षाची सर्वांत मोठी सजावट या तीन दिवसांसाठीच उभी राहते. दिवाळीचा आकाशकंदील कधी उतरवायचा, हे ज्याच्या त्याच्या सवडीवर अवलंबून असते आणि दाराचे तोरण वाळून कोळ झाले तरी पुढच्या सणापर्यंत लटकत राहते. महालक्ष्म्यांच्या बाबतीत मात्र मांडण्याला जसा मुहूर्त आहे तसाच उतरवण्यालाही आहे, आणि आवराआवर हा पूजेचाच शेवटचा विधी मानला जातो. कोठीघरातल्या जुन्या पेटीतून निघणारे तेच मुखवटे, तीच आडणी आणि तीच जरीची साडी चार-चार पिढ्या टिकतात, त्याचे मुख्य कारण उतरवण्याच्या या शिस्तीत आहे.

हा मुहूर्त तिथीवर ठरत नाही, नक्षत्रावर ठरतो, म्हणून दरवर्षी तो थोडा सरकतो. चंद्राच्या आकाशातील मार्गाचे सत्तावीस समान भाग कल्पून प्रत्येकाला नक्षत्र म्हटलेले आहे; एक भाग 13 अंश 20 कलांचा असतो आणि तो ओलांडायला चंद्राला साधारण एक दिवस लागतो. अनुराधा, ज्येष्ठा आणि मूळ ही ओळीने सतरावे, अठरावे आणि एकोणिसावे नक्षत्र असल्याने आवाहन, पूजन आणि विसर्जन हे तीन दिवस सलग येतात. 2024 मध्ये आवाहन 10 सप्टेंबरला म्हणजे सप्तमीला होते, तर 2025 मध्ये ते 31 ऑगस्टला म्हणजे अष्टमीला आले. या तीन नक्षत्रांचे तारे वृश्चिक राशीच्या विंचवाच्या डोक्यापासून नांगीपर्यंत पसरलेले आहेत, आणि त्यांपैकी ज्येष्ठा हा ठळक तांबूस तारा भाद्रपदात दिवेलागणीनंतर नैर्ऋत्येकडे दिसतो. पाऊस उघडलेला असेल तर पूजनाच्या संध्याकाळी अर्धा चंद्र त्याच्या आसपास उभा असलेला कोणालाही अंगणातून पाहता येतो, आणि पंचांगातील मुहूर्त आकाशात कसा दिसतो हे लेकरांना दाखवण्यासाठी याहून चांगली संध्याकाळ वर्षात क्वचितच मिळते.

बुलढाणा जिल्ह्यात या सणाच्या तोंडावरच ऋषिपंचमी येते. संत गजानन महाराजांनी 1910 साली त्याच तिथीला शेगावी समाधी घेतली, त्यामुळे पंचमीला पालख्या आणि दिंड्या शेगावच्या वाटेला लागलेल्या असतात, आणि तिकडून परतलेल्या घरांत लगेच डबे उतरवणे, पितळ घासणे, साड्यांना ऊन दाखवणे सुरू होते. माहेरवाशिणी आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेली मुले याच दिवसांत गावी येतात. ज्या घराण्यात महालक्ष्म्या मूळ घरीच बसवण्याची चाल आहे, तेथे वेगळ्या राहणाऱ्या सगळ्या भावांची चूल त्या तीन दिवसांपुरती पुन्हा एक होते.

महाराष्ट्रात गौरी बसवण्याच्या रीती अनेक आहेत. काही घरांत नदीकाठचे पाच किंवा सात खडे आणून पुजतात, कोकणात तेरड्याची रोपे गौर म्हणून घरी येतात, तर वऱ्हाडात आणि मराठवाड्यात ज्येष्ठा व कनिष्ठा या दोन बहिणी साडीचोळी नेसलेल्या, माणसाच्या अंगलटीच्या उभ्या केल्या जातात आणि त्यांच्यापुढे त्यांची लेकरे बसवली जातात. अशा उभ्या महालक्ष्म्यांची मांडणी हे जाणत्या हातांचे काम आहे. पाटावर आधी आडणी, म्हणजे लोखंडी तिवई ठेवली जाते. तिच्यावर कोठी येते, म्हणजे धडाच्या आकाराचे पत्र्याचे किंवा मातीचे पोकळ भांडे, आणि त्यात गहू किंवा तांदूळ भरले जातात. या धान्याला धार्मिक अर्थ आहेच, पण त्याच्या वजनामुळे उंच मूर्ती तोल सांभाळून उभी राहते, हेही तितकेच खरे आहे.

साडी नेसवण्याचे काम सर्वांत नाजूक असते. जिवंत माणूस निऱ्या सावरून घेतो, पण कोठीला कंबर हलवता येत नाही, म्हणून निऱ्या आधी पाटावर घालून, दोऱ्याने बांधून, मग कोठीच्या कमरेशी कसाव्या लागतात. काठ जमिनीला सारखा टेकला आहे की नाही हे एकीने दाराशी उभे राहून दुरून पाहावे लागते, आणि दोघींच्या निऱ्या एकसारख्या पडेपर्यंत घरातली मोठी बाई समाधान मानत नाही. पदर खांद्यावर आला की कापडी हात बसवतात आणि बोरमाळ, ठुशी, पोहेहार, कंबरपट्टा हे दागिने चढवतात. एवढे सगळे झाले तरी मुखवटे मात्र अजून आलेले नसतात. ते अनुराधेवर दारातून येतात. उंबरठ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावले काढलेली असतात, ताटावर चमचा वाजत असतो, आणि मुखवटे हातात घेतलेल्या दोघी त्या पावलांवरून स्वयंपाकघर, धान्याची जागा, कपाट, गोठा असे सारे घर दाखवत येऊन शेवटी मुखवटे कोठीवर ठेवतात. आदल्या क्षणापर्यंत जो नुसता सांगाडा होता, तो त्या क्षणापासून घरी आलेली लेक मानला जातो, आणि पुढचे तीन दिवस घरातला सगळा वावर तिच्या उपस्थितीत चालतो.

दोघींपुढे धान्याच्या राशी घातल्या जातात आणि मखरावरून फुलोरा टांगला जातो. फुलोरा म्हणजे तळलेल्या करंज्या, पापड्या आणि वेणी-फणीच्या आकाराचे पदार्थ दोऱ्यात ओवून केलेली आरास. कागदी झिरमिळ्या किंवा विजेच्या माळा यांच्या आधीपासून चालत आलेली ही सजावट उतरवल्यावर प्रसाद म्हणून वाटून खाल्ली जाते. राशीतले धान्य सणानंतर घरच्या वापरात येते, साडी सुनेच्या किंवा लेकीच्या अंगावर जाते, फुले आणि पत्री खतात मिसळतात. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, ज्वारीच्या पिठाची आंबील आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य होतो, पुरणाच्याच दिव्यांनी आरती होते, आणि विझलेले दिवेही ताटात येतात. सण संपल्यावर केराच्या टोपलीत टाकण्यासारखे जवळजवळ काही उरत नाही, आणि वस्तूंची उणीव असलेल्या शेतकरी घरांनी घडवलेली ही रीत पाहिली की तिच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

ज्येष्ठागौरीच्या पारंपरिक कहाणीतही निरोपाला मोठे स्थान आहे. गरिबीमुळे लेकरांचा गौरी आणण्याचा हट्ट पुरवता न आल्याने जीव द्यायला निघालेल्या ब्राह्मणाला तळ्याकाठी एक म्हातारी भेटते, तो तिला घरी आणतो, आणि तिच्या येण्याने रिकामी मडकी भरतात. पण कहाणी तेथे थांबत नाही. म्हातारी आपल्याला पोचती करायला सांगते, ब्राह्मणाला ते नकोसे होते, आणि ती समृद्धी टिकावी म्हणून घरभर, मडक्यांवर, गोठ्यात टाकायला वाळू देते. आजही विसर्जनाच्या वेळी नदीवरून किंवा विहिरीवरून आणलेले खडे व वाळू घरात टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. पाहुणी जाते, पण तिने दिलेले घरात राहते, हा या कहाणीचा गाभा आहे आणि बोळवणीचा सगळा विधी त्याच आधारावर उभा आहे.

तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर सुताचे सोळा पदरी दोरे हळदीत भिजवून त्यांना गाठी पाडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आरती करतात आणि अक्षता टाकून मुखवटे जागेवरून किंचित हलवतात. तेवढ्याने विसर्जन झाले असे समजतात. धातूचे किंवा मातीचे मुखवटे पाण्यात सोडायचे नसतात, त्यामुळे येथून पुढचे काम निगुतीने करावे लागते. प्रथम दागिने निघतात आणि मोजून डब्यात जातात, मग साडीच्या टाचण्या एकेक करून काढल्या जातात, कारण घाईने ओढलेली एक टाचणी जरीचा धागा तोडते. साडीची घडी दरवर्षी त्याच रेषेवर घातली तर रेशीम तेथेच विरते, म्हणून घडी बदलून, जर आत घेऊन ती सुती कापडात गुंडाळण्याची सवय जाणत्या घरांत असते. कित्येक घरांत मुखवटे धान्याच्या डब्यात ठेवतात; सगळ्या बाजूंनी सारखा आधार मिळाल्याने मुखवट्याच्या नाकाला किंवा कानाला धक्का लागत नाही.

चांदीच्या मुखवट्यांची काळजी वेगळी असते. खामगावची चांदीची बाजारपेठ दूरवर नावाजलेली आहे, त्या गावाला रजतनगरी म्हणतात, आणि जिल्ह्यातील ऐपत असलेल्या घरांनी वेळोवेळी चांदीचे मुखवटे करून घेतलेले आहेत. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर काळपट थर चढतो. रबरातही गंधक असल्याने मुखवट्याला रबर लावून ठेवणे घातक ठरते, म्हणून कोरड्या मऊ सुती कापडात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवणे बरे. भाद्रपदात हवा दमट असते आणि ओल राहिलेली साडी, मखराचे कापड किंवा शाडूचा मुखवटा तसाच पेटीत गेला तर पुढच्या वर्षी बुरशीच बाहेर निघते, तेव्हा पूजेनंतर एक दिवस सगळे वाऱ्यावर ठेवून मगच पेटी बंद करणे शहाणपणाचे.

उतरवण्याला मुहूर्त देणाऱ्या रीती इतरत्रही सापडतात. गुढीपाडव्याला सकाळी उभारलेली गुढी सूर्यास्तापूर्वी उतरवतात. दक्षिणेत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांची मांडणी करतात, तिला गोलू म्हणतात, आणि विजयादशमीच्या रात्री त्यातील एखादी बाहुली आडवी निजवून मांडणी संपल्याचे दर्शवतात, ज्याचे मुखवटा हलवण्याच्या कृतीशी जवळचे साम्य आहे. जपानमध्ये 3 मार्चच्या बाहुल्यांच्या सणानंतर मांडणी लगेच आवरली नाही तर मुलीचे लग्न लांबते, असा समज आहे. यांतल्या समजुती वेगवेगळ्या असल्या तरी त्यांच्यामुळे घरातली माणसे वेळेवर आवरायला लागतात, आणि वस्तू धूळ खात पडण्याआधी सुरक्षित जागी जातात.

बुलढाण्यातच सणांच्या सजावटीत बदलत्या काळाच्या दोन खुणा दिसतात. भुलाबाईचा खेळ भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालतो आणि तिच्यासाठी ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे ताटांचा मांडव करतात. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतल्यापासून पाच धांडे मिळवण्यासाठीही शेत शोधावे लागते. दुसरी खूण थर्माकोलची आहे. हलके, स्वस्त आणि शुभ्र म्हणून मखरे त्याची होऊ लागली, पण ते चुरगळते, घडी होत नाही, कुजत नाही, आणि एकदा उतरवले की उकिरड्यावर किंवा नदीपात्रात जाण्यापलीकडे त्याला जागा नसते. राज्य शासनाने मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या अनेक वस्तूंवरही बंदी घातली ती योग्यच झाली, कारण पुढच्या वर्षी पुन्हा लावता न येणारी सजावट या सणाच्या मूळ रीतीशी विसंगत आहे. लोखंडी नळ्यांचे सुटे होणारे मखर आणि जुन्या साड्यांचे पडदे हा त्याला चांगला पर्याय आहे, आणि अनेक घरांनी तो स्वीकारलेलाही आहे.

याहून गंभीर अडचण माणसांची आहे. मांडायला घर भरलेले असते, मखर बांधायला तरुण मुले शिडीवर चढतात, फोटो काढले जातात. पण विसर्जनाच्या दुपारीच परतीच्या गाड्या निघतात आणि आवरायला सासू आणि एखादी सून अशा दोघीच उरतात. कोणती कोठी ज्येष्ठेची आणि कोणती कनिष्ठेची, कोणत्या आडणीचा पाय थोडा आखूड आहे, कोणता दागिना कोणाच्या गळ्यातला, लेकरांचे मुखवटे कोणत्या डब्यात, हे सारे त्या मोठ्या बाईला तोंडपाठ असते आणि कोठेही लिहिलेले नसते. ती गेली की पुढच्या वर्षी मांडणी अडते, वस्तू सापडत नाहीत, आणि मग बाजारातून तयार उभ्या मूर्ती आणल्या जातात. ज्या घरांत महालक्ष्म्या बसतात त्या घरांतील लेकीसुनांनी आणि मुलांनी परतीची गाडी एक दिवस उशिराची काढावी, मोठ्या बाईच्या हाताखाली बसून प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते लिहावे, आणि मांडणीचा क्रम तिच्याच शब्दांत एका वहीत उतरवून ती वही मुखवट्यांच्या पेटीतच ठेवावी.