दारं धरणारी पेशी

हैदराबादेत तांदळाच्या दुकानात जाऊन ‘बीपीटी’ म्हटलं की दुकानदार एकच प्रश्न विचारतो: जुना की नवा? बीपीटी म्हणजे बापटला. आंध्रच्या किनारपट्टीवरच्या या गावातल्या संशोधन केंद्रातून १९८६ साली बीपीटी ५२०४ हे वाण बाहेर पडलं, आणि लोकांच्या तोंडी त्याचं नाव झालं सांबा मसुरी. दाणा बारीक, भात मऊ आणि तरी मोकळा. इथल्या मराठी घरांतही वरणभाताला हाच तांदूळ रुळला आहे. या गुणी वाणाला एक जुनं दुखणं होतं, कडा करपा.

कोकणात किंवा भंडारा-गोंदियात भात लावणाऱ्यांना हा रोग समजावून सांगायची गरज नाही. पानाच्या कडेनं पिवळसर नागमोडी पट्टा उतरू लागतो, मग तो वाळलेल्या गवतासारखा होतो, आणि रोग लवकर आला तर लोंब्या भरतच नाहीत. पण तो कडेनंच का सुरू होतो, हे विचारण्यासारखं आहे. पहाटे भाताच्या पानाच्या टोकाला जे थेंब लटकलेले दिसतात ते सगळे दवाचे नसतात. कडेच्या बारीक छिद्रांतून रोप स्वतःच जास्तीचं पाणी बाहेर टाकतं. त्याच छिद्रांतून, किंवा वाऱ्यापावसात पान चिरलं तर त्या चिरेतून, झँथोमोनास ओरायझी नावाचा जीवाणू आत शिरतो आणि थेट जलवाहिन्यांत मुक्काम करतो. तिथे पाणी भरपूर आहे, अन्न मात्र जेमतेम. मग हा जीवाणू जे करतो ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

तो भाताच्या पेशीत स्वतःचं एक प्रथिन टोचतो. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात जातं, भाताच्या डीएनएवरची अक्षरं वाचत आपली जागा शोधतं, आणि एका ठरावीक जनुकाच्या तोंडाशी जाऊन बसतं. त्यानं ते जनुक जागं होतं. या जनुकापासून बनणारं प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीजवळची साखर बाहेर सोडणारी झडप. शास्त्रज्ञांनी या झडपांच्या कुळाला ‘स्वीट’ हेच नाव दिलं आहे. झडपा वाढतात, साखर बाहेर झिरपते, जीवाणूला जेवण मिळतं. जनुक भाताचं, यंत्रणा भाताची, साखरही भाताचीच. चोरानं आणली ती फक्त किल्ली.

बागायती शेतीत एक शब्द आहे, दारं धरणं. रात्री वीज आली की मोटार सुरू करायची, पाटात पाणी सोडायचं, आणि फावडं घेऊन एका वाफ्याचं दार मातीनं बंद करत दुसऱ्याचं उघडत राहायचं. पाणी तेच आणि पाटही तोच असतो. कुठलं पीक किती भिजेल हे दार धरणाऱ्याच्या हातात असतं. जनुकांचं नियमन म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला याहून जवळचा शब्द सापडत नाही. आपल्या यकृतातल्या पेशीत आणि मेंदूतल्या पेशीत जवळपास तोच डीएनए असतो. सुमारे ३०० कोटी अक्षरं, त्यांत प्रथिनं बनवण्याची माहिती असलेली वीसेक हजार जनुकं. मेंदूच्या पेशीतही इन्शुलिनचं जनुक असतं, पण इन्शुलिन तयार होतं ते स्वादुपिंडात, कारण तिथे ते दार उघडं असतं. जनुक वाचलं जाणं, त्याची आरएनएत नक्कल उतरणं आणि त्यावरून प्रथिन घडणं, या साऱ्याला अभिव्यक्ती म्हणतात. नियमनाचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: कुणाचं दार, कधी, किती वेळ?

या शास्त्राची सुरुवात बंद दारापासूनच झाली. १९६१ साली पॅरिसमध्ये फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी आतड्यातल्या ई-कोलाय जीवाणूबद्दल दाखवलं की दुधातली साखर पचवणारी त्याची जनुकं एरवी एका रोखणाऱ्या प्रथिनानं अडवून धरलेली असतात. ती साखर पेशीत आली की अडवणारा बाजूला होतो. पुढे १९६५ मध्ये दोघांना आंद्रे ल्वोफ यांच्यासह नोबेल मिळालं. नियमनाचं पहिलं तपशीलवार उदाहरण अडवण्याचं निघालं, याचं मला विशेष वाटतं. हैदराबादेत या विषयावर झालेलं काम पाहतानाही पुन्हा पुन्हा रोखण्याशीच गाठ पडते.

परत भाताकडे येऊ. जीवाणूची ही चोरी रोखायची कशी? साखरेच्या झडपेचं जनुकच काढून टाकणं परवडणारं नाही, कारण तेच जनुक परागकण पोसायलाही लागतं. ते नसेल तर लोंबी वांझ राहील. निसर्गानं काही जुन्या वाणांत यावर तोड काढलेली सापडली. झडपेचं जनुक जसंच्या तसं आहे, बदललीत ती त्याच्या तोंडाशी असलेली अक्षरं. जीवाणूचं प्रथिन येतं, पण त्याला ओळखीची अक्षरं सापडत नाहीत. रोपाचं स्वतःचं काम मात्र बिनघोर चालू राहतं. या बदललेल्या रूपाला ‘एक्सए १३’ म्हणतात. ‘एक्सए ५’ हा दुसरा प्रकार आणखी सूक्ष्म आहे. जनुकं वाचण्याच्या यंत्रणेतल्या भाताच्या एका सर्वसाधारण प्रथिनाला धरून जीवाणू आपलं काम साधतो. त्या प्रथिनातल्या ३९व्या जागेवरचं व्हॅलिन जाऊन तिथे ग्लुटामिक आम्ल आलं, आणि जीवाणूची पकड ढिली झाली. तिसरं जनुक ‘एक्सए २१’ आफ्रिकेतल्या रानटी भातातून आलेलं. ते पेशीच्या दारावर पहारा करतं आणि जीवाणूची चाहूल लागताच आत वर्दी देतं.

ही तिन्ही जनुकं सांबा मसुरीत आणण्याचं काम हैदराबादच्या दोन टोकांना असलेल्या संस्थांनी मिळून केलं. एक राजेंद्रनगरची भात संशोधन संस्था, दुसरी हबसिगुड्याची सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी, म्हणजे सीसीएमबी. राजेंद्रनगरला आर. एम. सुंदरम आणि सीसीएमबीत रमेश सोंटी ही या कामातली प्रमुख नावं. पद्धत संकराचीच, शेतकऱ्यांना माहीत असलेली. तिन्ही जनुकं असलेल्या वाणाशी सांबा मसुरीचा संकर करायचा, आणि संतती पुन्हा पुन्हा सांबा मसुरीशीच जोडत न्यायची, म्हणजे दाणा आणि चव मूळची राहते. अडचण वेगळीच होती. एक्सए १३ आणि एक्सए ५ दोन्ही अप्रभावी. आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय त्यांचा गुण दिसत नाही, म्हणून मधल्या पिढ्यांत रोपाकडे पाहून काही म्हणजे काही कळत नाही. त्यासाठी कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन डीएनएवरच्या खुणा तपासायच्या आणि जनुक लपून का होईना पण आहे, अशीच रोपं पुढे न्यायची. ‘सुधारित सांबा मसुरी’ २००८ साली प्रसारित झाली. बाहेरून जनुक घुसवलेलं हे वाण नव्हे, म्हणून जनुक-परिवर्तित पिकांच्या वादात ते सापडलं नाही.

सीसीएमबीबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. पुष्पमित्र भार्गव १९५० मध्ये हैदराबादला आले आणि इथलेच झाले. पेशी आणि रेणूंचं जीवशास्त्र शिकवणारी माणसंही देशात मोजकी असताना त्यांनी १९७७ साली ही संस्था उभी केली. उप्पल रोडवरचा तिचा परिसर २६ नोव्हेंबर १९८७ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. प्रयोगशाळेत चित्रं-शिल्पं हवीत, हा त्यांचा आग्रह होता. मला तो फार मोलाचा वाटतो.

याच इमारतीत १९९० च्या दशकाच्या मध्यावर एल. एस. शशिधर फळमाशी घेऊन बसले. केळ्यावर घोंघावणारी ही चिमुकली माशी. बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी दोन इवल्या गदा असतात, उडताना तोल सांभाळणाऱ्या. अमेरिकेत एडवर्ड लुईस यांनी ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ नावाच्या जनुकाच्या नियमनात बिघाड घडवून चार पंखांची माशी तयार केली होती. या कामासाठी त्यांना १९९५ च्या नोबेलचा वाटा मिळाला. याचा अर्थ, गदेच्या जागीही पंख घडवायची सगळी तयारी असते, एक जनुक ती दाबून ठेवतं. शशिधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे दाबणं कुठे कुठे घडतं ते शोधलं, आणि उत्तर निघालं की एका जागी नव्हेच. पंख वाढवणाऱ्या निरोपांच्या साखळीत हे जनुक अनेक ठिकाणी हात घालतं, कुठे निरोप पाठवणंच कमी करतं, कुठे आलेला निरोप ऐकू देत नाही. पुढे ते पुण्याला आयसरमध्ये गेले आणि माश्यांच्या बाटल्या पाषाणला पोचल्या.

पण मग प्रश्न उरतोच. अल्ट्राबायथोरॅक्स गदेच्या जागी चालू, पंखाच्या जागी बंद, हे कोण ठरवतं? जनुकाला चालना देणारे डीएनएचे तुकडे कधी कधी जनुकापासून हजारो, लाखो अक्षरं दूर असतात. माणसाच्या पेशीतला दोन मीटर लांबीचा धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात बसवायचा तर तो हिस्टोन प्रथिनांच्या रिळांभोवती गुंडाळावा लागतो, एका रिळावर १४७ अक्षरजोड्या. त्या गुंडाळीत दूरचा तुकडा वळसा घेऊन जनुकाजवळ येतो. तसा तो शेजारच्या नको त्या जनुकाजवळही येऊ शकतो. पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात जाऊ नये म्हणून आपण बांध घालतो. डीएनएतही बांध असतात. राकेश मिश्र जिनीव्हात फ्रांस्वा कार्श यांच्या प्रयोगशाळेत असताना माशीच्या याच जनुकसमूहावर काम करत होते. तिथला ‘फॅब-७’ नावाचा एक बांध काढला की माशीच्या पोटाचा सहावा खंड सातव्यासारखा होतो. नंतर ते सीसीएमबीत आले, आणि बांध हाच त्यांचा विषय राहिला.

त्याच इमारतीत लालजी सिंह होते. न्यायालयात डीएनए ठशांचा पुरावा उभा करणारे म्हणून देश त्यांना ओळखतो. राजीव गांधी हत्येच्या तपासातही ती पद्धत वापरली गेली. त्यांची सुरुवात मात्र पट्टेरी मण्यारीपासून झाली. मण्यारीसारख्या सापांत मादीची दोन लिंग-गुणसूत्रं वेगवेगळी असतात. मण्यारीच्या मादीत त्यांना डीएनएचा एक तुकडा सापडला. त्यात जी, ए, टी, ए ही चार अक्षरं जपमाळेसारखी पुन्हा पुन्हा येत होती. १९८० साली, एडिंबरात असताना, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या तुकड्याबद्दल प्रसिद्ध केलं. तसाच तुकडा उंदरात निघाला, माणसातही निघाला. ठसे घेण्यासाठी त्यांनी पुढे त्याचाच उपयोग केला. पण त्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही. अशा डीएनएला त्या काळी सरसकट ‘कचरा’ म्हणत. साप आणि माणूस वेगळे होऊन ३० कोटींहून अधिक वर्षं लोटली, तरी ही जपमाळ टिकली, म्हणजे तिला काहीतरी काम असणार, असं लालजी धरून बसले होते.

ते काम काय, याचं एक उत्तर २०१३ मध्ये आलं. नेचर कम्युनिकेशन्समधल्या निबंधावर लालजी सिंह आणि राकेश मिश्र दोघांचीही नावं आहेत. गाटाची ही माळ चालना देणारा तुकडा आणि जनुक यांच्यामध्ये ठेवली तर चालना पोचत नाही. माणसाच्या पेशीतही नाही, माशीतही नाही. कचरा म्हणून बाजूला टाकलेला तुकडा बांधाचं काम करत होता. मण्यारीपासून इथवर पोचायला तीस वर्षांवर काळ गेला. लालजी सिंह आणि भार्गव दोघेही २०१७ मध्ये गेले, चार महिन्यांच्या अंतरानं.

बांध फुटला तर काय होतं, हे बर्लिनच्या श्टेफान मुंडलोस यांच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं. हातापायांची बोटं जन्मतः आखूड किंवा जुळलेली असलेल्या काही कुटुंबांत जनुकं धडधाकट होती, मोडला होता त्यांच्यामधला बांध. शेजारची चालना भलत्याच जनुकात शिरली होती.

राजेंद्रनगर मंडळातच शिवरामपल्लीला थॅलसेमिया अँड सिकल सेल सोसायटी आहे, १९९८ साली स्थापन झालेली. रक्त चढवून घ्यायला मुलं इथे नियमित येतात. सिकल सेलचं दुखणं आपल्या गडचिरोली-नंदुरबारलाही ओळखीचं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन येतं आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. एक्सए ५ मध्ये बदल झाला होता याच्या बरोब्बर उलट. तिथे त्यानं पीक वाचवलं. सिकल सेल असलेलं मूल मात्र जन्मतः ठीक असतं, त्रास सुरू होतो तो काही महिन्यांनी. पोटात असताना बाळ वेगळं हिमोग्लोबिन बनवतं, जन्मानंतर त्या जनुकाचं दार बंद होतं. ते बंद करणाऱ्यांतलं मुख्य प्रथिन, बीसीएल ११ ए, २००८ च्या सुमारास हार्वर्डच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी नक्की केलं. दार बंद करणाऱ्यालाच रोखलं तर? या जनुकाला तांबड्या पेशींत चालना देणारा तेवढाच तुकडा मोडायचा, बाकी शरीरात ते सुखरूप राहू द्यायचं, असा उपचार तयार झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं त्याला जगात सर्वांत आधी मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, आणि त्याआधी औषधांनी सगळी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते ते वेगळंच.

गडचिरोलीतल्या मुलाला आज मिळू शकते ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. औषध जुनं, मुळात कर्करोगावरचं, काही रुपयांत येणारं. नेमानं घेतलं तर अनेकांच्या रक्तात ते बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा थोडं थोडं वाढू लागतं, दुखण्याचे झटके कमी येतात. बंद झालेलं ते दार पुरतं उघडत नाही, किलकिलं होतं. त्यासाठी कॅप्सूल रोज घ्यावी लागते, रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते, आणि पावसाळ्यात नाला भरून रस्ता बंद झाला तरी घरात पुढच्या महिन्याचा साठा असावा लागतो.