हलकी भिंत आणि आग

आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील प्रत्येक कुटुंबास भिंतीच्या वजनाचा विचार करणें आतां भाग आहे. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या जाड भिंती व माळवदें कोसळून हजारों माणसें गाडलीं गेलीं. पुढें ता. २१ मार्च २०२४ रोजीं भल्या पहांटे खुद्द आपल्या जिल्ह्याची भूमि हादरली. तेव्हां भिंत हलकी असावी, हें सर्वांस पटतें. परंतु मनांत एक शंका उरते: हलकी भिंत आगीपुढें टिकेल काय?

हलक्या भिंती आम्हांस नवीन नाहींत. खेड्यांत तुराट्यांचा कूड उभा करून त्यास शेणमातीचा लेप देतात. हा लेप शाबूत आहे तोंपर्यंत कूड सुरक्षित. तो जेथें गळून पडला, तेथें चुलींतली एक ठिणगी पुरे होते. ह्यावरून असें दिसतें कीं, हलकेपणा दोन प्रकारचा असतो. एक जळणाऱ्या पदार्थाचा, आणि दुसरा न जळणाऱ्या पदार्थांत कोंडलेल्या हवेचा. हलकें काँक्रीट ह्या दुसऱ्या प्रकारांत मोडतें.

असें सच्छिद्र काँक्रीट करण्याची रीत स्वीडन देशांत ॲक्सेल एरिक्सन ह्या गृहस्थांनीं १९२४ च्या सुमारास शोधून काढली. बारीक वाळू किंवा दगडी कोळशाची राख, चुना, सिमेंट व पाणी ह्यांच्या मिश्रणांत ॲल्युमिनियमची थोडी पूड घालतात. तिच्या योगानें हायड्रोजन वायु सुटतो व आंबलेल्या पिठाप्रमाणें मिश्रण फुगतें. पुढें वायु निघून जातो आणि छिद्रांत हवा शिरते. मग ठोकळे कापून ते दाबाच्या वाफेंत शिजवितात. साध्या काँक्रीटचें वजन घनमीटरास सुमारें २४०० किलो असतें, तर ह्याचें बहुधा ५०० ते ७०० किलो भरतें. आपल्या मराठवाड्यांत परळी येथील वीजकेंद्रांत निघते तसली राखही ह्या कामीं उपयोगीं पडते.

आतां हें काँक्रीट आग कसें अडवितें तें पाहूं. चुलींतील निखारा राखेखालीं पुरून ठेविला, तर तो सकाळपर्यंत जिवंत राहतो. वरची राख मात्र फारशी तापत नाहीं. राखेच्या कणांत अडकलेली स्थिर हवा उष्णतेस सहज वाट देत नाहीं, हेंच त्याचें कारण. सच्छिद्र भिंतींतही तेंच घडतें. शिवाय तिच्यांतील ओलाव्याची वाफ होतांना पुष्कळ उष्णता खर्ची पडते. भिंत स्वतः जळत नाहीं व धूरही करीत नाहीं.

भिंतीची परीक्षा भट्टीपुढें घेतात. भट्टीची उष्णता अर्ध्या तासांत ८४२, एका तासांत ९४५ व दोन तासांत १०४९ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढवितात. तेवढ्या वेळांत भिंत ढांसळूं नये, तिला ज्वाळा पार जाईल अशी भेग पडूं नये, आणि पलीकडील बाजूची उष्णता सरासरीनें १४० अंशांहून अधिक वाढूं नये, अशा तीन अटी असतात. नीट बांधलेली आठ इंची सच्छिद्र भिंत सामान्यतः चार तास तग धरते. माणसें बाहेर पडण्यास व बंब येण्यास एवढा अवधि लाखमोलाचा होय.

तथापि भिंत चांगली म्हणून घर निर्भय झालें, असें समजूं नये. सांधे नीट भरले नाहींत, विजेच्या तारांसाठीं पाडलेलीं भोंकें तशींच राहिलीं, किंवा भिंत व पत्रे ह्यांमध्यें फट राहिली, तर आग व धूर तेथूनच पलीकडे जातात. भूकंपासाठीं तर हलकी भिंतही चौकटीशीं व पट्ट्यांशीं घट्ट जखडलेली पाहिजे. आणखी एक सावधगिरी: अलीकडे थर्माकोल भरलेले तक्तेही हलके म्हणून विकले जातात. पण थर्माकोल आगींत वितळतो, पेटतो व घातक काळा धूर सोडतो. त्याचा हलकेपणा तुराटीच्या जातीचा आहे.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, घर बांधण्यापूर्वीं त्यांनीं गवंड्यास दोन प्रश्न अवश्य विचारावे: भिंतीचें वजन किती, आणि तिचा हलकेपणा कशाचा? पहिल्या प्रश्नाचें उत्तर भूकंपाच्या दिवशीं कामास येईल व दुसऱ्याचें आगीच्या रात्रीं.