एका अक्षराची गाणी

गाण्यांच्या भेंड्या आपल्याकडे घरोघरी चालतात. एकाने ज्या अक्षरावर गाणे सोडले, त्या अक्षराचे गाणे दुसऱ्याने म्हणायचे. या खेळाची खरी मौज अशी की, अक्षर अडले म्हणजे माणूस आपली आवडनिवड विसरतो. अभंग, लावणी, भावगीत, सिनेमातले पद, जे आठवेल ते म्हणतो. एरवी एका बैठकीत न येणारी गाणी अक्षर शेजारी शेजारी आणून बसवते. हाच खेळ पाश्चात्त्य गाण्यांशी खेळला तर काय हाती लागते, ते आज पाहू.

आधी एक फरक ध्यानात घ्या. आपले गाणे पहिल्या ओळीने ओळखले जाते. गीतसंग्रहाच्या शेवटी सूची असते ती पहिल्या ओळींची. पाश्चात्त्य गाण्याला मात्र पुस्तकासारखे स्वतंत्र नाव असते. रेकॉर्ड घरोघर पोहोचण्यापूर्वी तिकडे गाणे छापील स्वरलिपीच्या रूपाने दुकानात विकले जाई. मुखपृष्ठावर ठळक नाव हवे आणि गिऱ्हाइकाला ते सहज मागता यावे, म्हणून पुष्कळदा धृपदातलेच शब्द नाव म्हणून घेत. त्यामुळे पहिली ओळ तोंडपाठ असूनही सूचीत गाणे सापडत नाही, असे होते. शिवाय नावाआधीचा 'द' किंवा 'अ' सूचीत धरीत नाहीत. 'द साउंड ऑफ सायलेन्स' शोधायचे ते 'साउंड'पाशी.

आपण 'एस' हे अक्षर घेऊ. हा आपला नुसता 'स' नव्हे बरे का! बीटल्सचे १९६३ चे 'शी लव्ह्ज यू' आपल्या कानाला 'श'चे, पण त्यांच्या सूचीत ते 'एस'चेच. आपल्या भेंड्या कानाने खेळायच्या. ही सूची डोळ्यांनी वाचायची.

आता सूची उघडा. 'सायलेंट नाइट' हे नाताळचे गीत बहुतेकांनी ऐकलेले असते. ते मूळचे जर्मन. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या गावच्या चर्चमध्ये २४ डिसेंबर १८१८ रोजी ते प्रथम गायिले गेले. शब्द योसेफ मोर या धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराची, आणि साथीला एक गिटार. एवढ्याशा सरंजामावर हे गीत जगभर गेले.

त्याच्याच खाली 'स्विंग लो, स्वीट चॅरियट' भेटते. हे अमेरिकेतील गुलामीत राबलेल्या कृष्णवर्णीयांचे भक्तिगीत. यार्देन नदीपलीकडून रथ येईल आणि आपल्याला घरी नेईल, अशी त्यातली आस आहे. गुलामी १८६५ साली कायद्याने संपली. त्यानंतर मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी नॅशव्हिल येथे फिस्क ही संस्था निघाली. तिची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १८७१ साली तिथले विद्यार्थी अशी भक्तिगीते गात गावोगाव फिरले. गाण्याच्या पैशावर त्यांनी संस्था तगवली, इमारतही उभी केली.

पुढे या. डब्ल्यू. सी. हँडी यांचे 'सेंट लुइस ब्लूज' १९१४ सालचे. तोवर तोंडोतोंडी चाललेली 'ब्लूज' ही दुःखाची गायकी अशा गाण्यांतून छापील कागदावर आली. १९२५ साली बेसी स्मिथने ते रेकॉर्डवर गायिले, तेव्हा कॉर्नेटची साथ लुई आर्मस्ट्राँगची होती. बाई एक ओळ म्हणते आणि कॉर्नेट तिला उत्तर देतो. आपल्याकडे गायकामागून सारंगी जाते, त्याची इथे आठवण होते. मग १९३५ चे गर्श्विनचे 'समरटाइम'. ही एका ऑपेरातली अंगाई आहे. शब्द सुखाचे, पण सूर उदास.

'स्ट्रेंज फ्रूट' मात्र ऐकवत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात जमाव कृष्णवर्णीयांना पकडून झाडाला फाशी देत. त्यावर एबल मीरोपोल या न्यूयॉर्कमधील शिक्षकाने कविता लिहिली. बिली हॉलिडे हिने १९३९ साली ती गायिली. जिच्याशी तिचा करार होता ती कंपनी कचरली, तेव्हा कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीने ती रेकॉर्ड काढली. आणि 'सिक्स्टीन टन्स'? मर्ल ट्रॅव्हिस यांनी १९४६ साली गायिलेले हे कोळसा खाणीतील मजुराचे गाणे. टेनेसी अर्नी फोर्ड यांच्या आवाजात १९५५ साली ते घरोघर गेले. मजूर रोज कोळसा उपसतो, पण धान्य घ्यायचे कंपनीच्याच दुकानातून, त्यामुळे कर्ज काही फिटत नाही. 'उचल' या शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक आहे, अशा आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला हे गाणे समजावून सांगावे लागणार नाही.

'एस'खाली केवळ दुःखच आहे, असे मात्र समजू नका. 'सिंगिंग इन द रेन'सारखी पावसात नाचणारी गाणीही तिथेच आहेत. मुद्दा असा की, ती याच गाण्यांच्या शेजारी आहेत. दुकानात वा फोनवर गाणी शोधताना आपण नाचाची वेगळी, भक्तीची वेगळी, अशी वाट धरतो आणि आपल्या आवडीच्या कुंपणातच फिरतो. आजची यंत्रे तर कालच्या आवडीवरून उद्याचे गाणे सुचवतात, म्हणजे कुंपण अधिकच उंच होते. पाश्चात्त्य गाणे म्हणजे नुसता धांगडधिंगा, असे म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत. त्यांनी एखादे अक्षर धरून ओळीने दहा गाणी ऐकावीत. त्यांत देवळातला माणूस भेटेल, खाणीतला भेटेल, पाळण्यापाशी बसलेली आईही भेटेल.

अक्षराला आवडनिवड नसते, हाच त्याचा उपयोग. एक अक्षर निवडा. गाणे ऐकण्याआधी ते कोणी, केव्हा आणि कोणासाठी गायिले, एवढे मात्र वाचून घ्या. दहांतली आठ आवडली नाहीत तरी हरकत नाही. उरलेली दोन तुम्ही आपणहून कधी मागितली नसती.